गंज, मूठ आणि हकीकत

१८ ऑगस्ट २०२५ ला लंडनहून आलेली एक तलवार अंधेरीच्या विमानतळावर उतरली. मुंबईला त्या दिवशी पावसाने झोडपून काढलं होतं. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, सेनासाहेब सुभा पहिले रघुजी भोसले यांच्या नावाची ही तलवार. २९ एप्रिलला सदबीजच्या लिलावात ती निघाली. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावली आणि हाताळणी, वाहतूक, विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपयांत ती मिळवली. विमानतळावरून तिची रवानगी प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत झाली. लोकांनी तिथे ती काचेतून डोळे भरून पाहिली.

पातं सरळ, एकधारी आणि युरोपात घडलेलं. अशा पात्याच्या तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणत. मूठ मात्र इथली, मुल्हेरी घाटाची, सोन्याने मढवलेली. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत, सोन्याच्या अक्षरांत, मालकाचं नाव आणि पद. जगभरच्या लिलावांत दख्खनी फिरंगी नेहमी येतात-जातात. ही फिरंग सरकारने धावपळ करून घेतली, ती त्या ओळीमुळे. ती ओळ झिजून गेली असती, तर तीच तलवार ‘दख्खन, अठरावं शतक’ एवढ्या चिठ्ठीसह कुठल्या तरी दिवाणखान्यात गेली असती.

या लेखासाठी संपादकांनी ‘संग्रह’ हा विषय दिला तेव्हा त्यांच्या मनात वेगळंच काही होतं. जगभर लोक जपानी सामुराईंच्या तलवारी, चिलखतं, खोगिरं वेड्यासारखी जमवतात. आपल्या उपनगरांत असं कोणी आहे का, ते बघून या, असं ते म्हणाले. मी शोधायला निघालो. जपानपर्यंत पोचलोही, पण त्याआधी मुलुंडच्या एका देवघरापाशी बराच थांबलो.

देवातली तलवार

मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. तिथले काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. स्टुलावर चढून त्यांनी लॉफ्टमधून एक लांब गाठोडं काढलं. जुनं नऊवारी, त्याच्या आत वर्तमानपत्र, त्याच्या आत तलवार. म्यान नव्हतं.

“कोणाची ही, काका?”

“पणजोबांच्याही आधीपासून आहे म्हणतात. गाव पाटणजवळ. वडील गिरणीत लागले तेव्हा परळला चाळीत आली, चाळ सुटल्यावर इकडे. आम्ही देवातली तलवार म्हणायचो. कोणी लढाईत धरली होती का, ते सांगणारं आता कोणी उरलं नाही.”

अशा तलवारी उपनगरांत किती असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण त्या इथे कशा पोचल्या, हे समजून घेता येतं. मराठी फौजेत घोडेस्वार दोन प्रकारचे. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. घोडा मेला, पातं मोडलं, तर तोटा त्याच्या घरचा. त्यामुळे मोहीम संपली की शिलेदाराची तलवार त्याच्या घरी परत यायची. मराठी राज्य गेलं, फौजा मोडल्या, तरी ती घरातच राहिली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगायला परवाना लागू केला. कित्येक पाती लोहाराच्या भट्टीत गेली, कित्येक अडगळीत गंजली. जी देवाजवळ ठेवलेली होती, ती टिकली. पूजेतल्या वस्तूला हात लावायला सगळेच कचरतात. खंडेनवमीला तिला हळदकुंकू मिळत राहिलं, आणि गावाकडचा माणूस मुंबईला आला तेव्हा तीही सोबत आली.

पण ज्या पूजेने तिला वाचवलं, तिनेच तिला झिजवलंही. काकांच्या घरी दर खंडेनवमीला तलवार चिंच आणि राखेने घासली जाते. तांब्याच्या भांड्यासारखी लख्ख झाली की काकूंना समाधान. मी मुठीवरून बोट फिरवलं. एका बाजूला, जिथे घासणाऱ्याचा अंगठा पोचत नाही अशा बेचक्यात, रुप्याच्या वेलीचं दीड पान शिल्लक होतं. बाकी मूठ सपाट, करडी.

ही वेल कोफ्तगिरीची. कारागीर लोखंडावर बारीक छिन्नीने आडव्या-उभ्या रेघा मारतो, पृष्ठभाग खरखरीत करतो आणि त्यावर सोन्याची किंवा रुप्याची केसासारखी तार हातोडीने ठोकून बसवतो. तार त्या खरखरीत अंगाला धरून राहते, बस. तिची जाडी नगण्य. खोल चर खणून भरलेलं काम असतं तर पिढ्यान् पिढ्या टिकलं असतं. कोफ्तगिरीला राखेचे पन्नास दसरे पुरेसे होतात. आंबट पदार्थ लोखंड खातो, राख तार खरवडते.

पात्याचंही तसंच. आपल्याकडची उत्तम पाती मुशीत शिजवलेल्या, भरपूर कार्बनच्या पोलादाची असत. त्या पोलादात कार्बनयुक्त कणांचे थर बसत आणि पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. ती पृष्ठभाग नीट तयार करून त्यावर सौम्य आम्लाचा हात फिरवला की दिसते. एमरी पेपर किंवा बफिंगचं चाक लावलं की पुसली जाते. दुकानात ‘पॉलिश करून’ आणलेली तलवार आरशासारखी चमकते, आणि ती कोणत्या पोलादाची होती हे सांगणारी खूण तिच्या अंगावर राहत नाही.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, “मग पूजा कशी करायची?” प्रश्न अगदी रास्त होता. मी ज्याच्याकडून ही माहिती घेतली होती, त्या संग्राहकाला तिथूनच फोन लावला. त्याचं उत्तर सोपं होतं: हळदकुंकू पात्याला न लावता तलवारीखालच्या पाटाला लावा, फूल वाहा, आणि रात्री मऊ सुती कापडाने पुसून मशीनच्या पातळ तेलाचा हात द्या.

ओशिवऱ्याच्या गल्ल्यांत

जोगेश्वरी पश्चिमेला, एस. व्ही. रोडच्या कडेने ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार आहे. कोरीव दरवाजे, जहाजावरचे दिवे, भोंग्याचे ग्रामोफोन, संगमरवरी टेबलं. यातलं थोडं जुनं, बरंचसं जुन्यासारखं केलेलं. जवळच अंधेरी-गोरेगावची शूटिंगची दुनिया असल्याने या बाजाराचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सिनेमा आणि मालिका. एका दुकानात तलवारीची चौकशी केली, तर समोरून पहिला प्रश्न आला: “शूटिंगसाठी पाहिजे की घरासाठी?”

शूटिंगसाठीच्या तलवारी वेगळ्याच. लांबून चमकणाऱ्या, हलक्या, बोथट. ड्रेसवाले आणि प्रॉपर्टीवाले त्या गठ्ठ्याने भाड्याने देतात. त्यात कोणाची फसवणूक नाही. फसवणूक होते ती ‘घरासाठी’ या वाटेवर. नव्या पात्यावर आम्ल ओतून खड्डे पाडायचे, ओल्या मातीत पुरून ठेवायचं, पितळेची सिंहमुखी मूठ बसवायची, पात्यावर आम्लाने देवनागरी अक्षरं खोदायची आणि ‘शिवकालीन’ म्हणून किंमत लावायची.

ओळखायचं कसं, हे मला बोरिवलीत राहणाऱ्या एका तरुण संग्राहकाने शिकवलं. मघाचा फोन त्यालाच लावला होता. पेशाने संगणक अभियंता, सुटीच्या दिवशी जुनी हत्यारं बघत हिंडणारा. तो तलवार हातात घेतो ती मुठीकडून पात्याकडे बघण्यासाठी. जुन्या तलवारीत पात्याचा दांडा मुठीच्या पोकळीत लाखेसारख्या राळेने घट्ट बसवलेला असतो. तापवलं की राळ सुटते. म्हणून तीनशे वर्षांत एका पात्याला तीन मुठी आणि एका मुठीला चार पाती लागलेली असू शकतात, आणि ती सगळी अस्सलच असतात. जर्मनीतल्या सोलिंगेनचं पातं, मुल्हेरची मूठ, नंतर राजस्थानात बसवलेली नवी परज. अशा तलवारीला तो ‘जोडलेली’ म्हणतो, ‘खोटी’ म्हणत नाही. सांध्याशी राळेऐवजी आजचं चकचकीत एपॉक्सी दिसलं की मात्र तो ती खाली ठेवतो.

अक्षरांची परीक्षा याहून कठीण. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर टिंबाटिंबांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं सापडतात. बिकानेरचा राजा अनुपसिंग औरंगजेबाच्या बाजूने दख्खनेत लढत होता. अदोनीच्या किल्ल्यातून त्याच्याकडे गेलेल्या हत्यारांवर त्या गावाचं नाव ठोकलेलं आढळतं. म्हणजे दख्खनेतली कट्यार कुठे गेली, हे राजस्थानातल्या एका कारकुनाने टिंबांत नोंदवून ठेवलं म्हणून आज कळतं. त्या कारकुनाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. मराठ्यांच्या बहुतेक हत्यारांना असा कारकून भेटला नाही.

बोरिवलीतल्या ड्रॉवरमधला जपान

या तरुणाच्या घरीच मला अखेर सामुराई भेटले. एक सपाट ड्रॉवर, आत फ्लॅनेलचं अस्तर, आणि त्यावर मांडलेल्या तळहाताएवढ्या लोखंडी चकत्या. यांना जपानीत त्सुबा म्हणतात. तलवारीच्या मुठी आणि पात्यामध्ये बसणारी ही परज. मधली मोठी फट पात्याच्या दांड्यासाठी, तिच्या बाजूच्या लहान फटी म्यानात खोचलेल्या छोट्या सुरीसाठी आणि सळईसाठी. एका त्सुबावर पावसात वाकलेला बांबू, दुसऱ्यावर नुसती भोकं पाडून साधलेली बगळ्यांची रांग.

“तलवार आणणं परवडत नाही, आणि आणायची म्हटली तर कस्टम्स आहे, शस्त्र कायदा आहे,” तो म्हणाला. “त्सुबाला धार नाही. खिशात मावते. आणि जपानी कारागिराचं सगळं डोकं यात दिसतं.”

इतक्या त्सुबा जगभर कशा पसरल्या, याचं कारण १८७६ मध्ये सापडतं. मेइजी सरकारने त्या वर्षी सामुराईंना कमरेला तलवार लावून हिंडायला बंदी केली. पिढ्यान् पिढ्या परज आणि मुठीची सजावट घडवणारे कारागीर रिकामे झाले. काहींनी फुलदाण्या आणि डब्या करायला घेतल्या. घराघरांतल्या मुठी, परजा, चिलखतं बाजारात आली आणि युरोप-अमेरिकेच्या शौकिनांनी ती पोत्याने विकत घेतली. मुंबईचाही जपानशी याच सुमारास थेट व्यापार सुरू झाला. जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीची बोट मुंबई-जपान मार्गावर धावू लागली. इथून कापूस जाई. सर रतन आणि सर दोराबजी या टाटा बंधूंनी जमवलेल्या चिनी-जपानी कलावस्तू आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. त्याच इमारतीत हिंदुस्थानी शस्त्रांचं दालनही आहे. दोन्ही दालनं एका दिवशी, लागोपाठ पाहावीत.

भारतात जपानी तलवार येण्याची दुसरी वाट रक्ताची आहे. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला पन्नासाव्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडने जपानी फौजेला अनेक दिवस रोखून धरलं. त्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. पुढच्या वर्षी जपानने शरणागती पत्करली तेव्हा जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी ब्रिटिश आणि हिंदी अधिकाऱ्यांच्या हाती आल्या. त्यातल्या बऱ्याच कारखान्यात काढलेल्या होत्या. पण काही अधिकाऱ्यांनी खापरपणजोबांचं पातं लष्करी मुठीत बसवून आणलेलं होतं. दोघांतला फरक बाहेरून कळत नाही. मूठ उतरवून पात्याचा दांडा पाहावा लागतो.

त्या दांड्यापाशी येऊन बोरिवलीचा हा तरुण खुलतो. जपानी तलवारीची मूठ राळेने बसवत नाहीत. बांबूची एक खुंटी काढली की ती सुटते. आतल्या दांड्यावर कारागिराचं नाव, कधी गाव, कधी साल कोरलेलं असतं. आणि दांड्यावर गंज असतो. तो गंज जपानमध्ये कोणी काढत नाही. पात्याचं वय त्या गंजाच्या रंगावरून आणि पोतावरून ठरतं. पात्याला आरशासारखी झिलई देणारा कारागीर आठवडेच्या आठवडे बसून एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर ते घासतो, शेवटी बोटाच्या टोकावर दगडाची कपची धरून. पण दांड्याला त्याचा हात लागत नाही. दांडा घासला तर तलवारीची किंमत एका क्षणात कोसळते.

मला हे ऐकताना मुलुंडची चिंच आठवत होती. आपल्याकडे प्रेम कमी नव्हतं. काकूंनी पन्नास वर्षं ज्या निष्ठेने ती मूठ घासली, त्यात प्रेमच होतं. काय घासू नये, हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

जपानलाही हे शहाणपण सहज मिळालेलं नाही. १९४५ नंतर अमेरिकी ताबेदारांनी तलवारी जप्त करायला सुरुवात केली. हजारो पाती वितळली, परदेशी गेली. तेव्हा जाणकारांनी धावाधाव करून सांगितलं की ही नुसती हत्यारं नाहीत, कलावस्तू आहेत. १९४८ मध्ये जपानी कलातलवारींच्या जतनासाठी संस्था उभी राहिली. पाठोपाठ नोंदणीची पद्धत आली. या पद्धतीतलं मर्म असं की नोंद तलवारीची होते. लांबी, वाक, दांड्यावरच्या भोकांची संख्या, कोरलेलं नाव, हे सगळं एका कागदावर येतं आणि तो कागद तलवारीसोबत फिरतो. मालक बदलला तर नव्या मालकाने वीस दिवसांत कळवायचं. माळ्यावर आजोबांची तलवार सापडली, तर आधी पोलिसांना सांगायचं, मग प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे तपासून घ्यायची, कागद मिळवायचा, आणि सन्मानाने घरात ठेवायची. शिवाय जतनासाठीच्या त्याच संस्थेने १९७७ मध्ये शिमाने प्रांतात जुन्या पद्धतीची पोलादाची भट्टी पुन्हा पेटवली, आजच्या लोहारांना पारंपरिक पोलाद मिळावं म्हणून. मुल्हेरला, नाशिकच्या बागलाणात, मुठीचा घाट ज्याच्या नावाने चालतो त्या गावी, अशी भट्टी कोणी पेटवली तर मी बसने जाऊन ती पाहीन.

घोड्याचं सामान

जपानी संग्राहकांच्या घरात तलवारीच्या शेजारी खोगीर दिसतं. लाकडी, काळ्या लाखेचं, त्यावर सोन्याची भुकटी वापरून काढलेली नक्षी. खाली रिकिबी, त्याही आपल्यासारख्या गोल कड्याच्या नव्हेत. अख्खं पाऊल मावेल अशी, पुढून वर वळलेली आणि बाजूने उघडी लोखंडी पावलं. लाकूड लाखेत बंद असल्याने ते टिकलं. चिलखताच्या पट्ट्यांना ओवलेल्या रेशमी दोऱ्या कुजत, पण त्या नव्याने ओवायची रीत होती. चिलखत ठेवायला स्वतंत्र पेटी असे.

आपल्याकडे मराठा घोडेस्वाराच्या सामानाची यादी करायला घेतली तर शब्द भराभर आठवतात: खोगीर, जीन, गाशा, तंग, रिकीब, लगाम, दुमची, म्होरकी, तोबरा, अगाडी-पिछाडी. वस्तू मागाल तर हाती फार थोडं येतं. याचं कारण मराठ्यांच्या युद्धपद्धतीतच आहे. भीमथडीचं काटक घोडं, पाठीवर कमीत कमी ओझं, दिवसाकाठी लांब मजल. खोगीर म्हणजे लोकर, नमदा, कापूस, चामडं. घोड्याला लोखंडी पाखर घालणं त्या धावपळीला परवडणारं नव्हतं, त्यामुळे दख्खनी पाखर पाहायला मिळणं दुर्मीळ. चामडं आणि लोकर कोकणच्या दमट हवेत, कसर-वाळवीपुढे किती टिकणार? गाशा गुंडाळला, तो कायमचा.

उरतं ते लोखंड. बोरिवलीच्या तरुणाकडे दोन रिकिबी आहेत, जोडीच्या नाहीत, आणि एक काटेरी लगाम. तोंडात धरायच्या सळईला आतल्या बाजूने बोथट काटे. स्वाराने लगाम ओढला की घोडा जागच्या जागी फिरावा यासाठी. तो हातात घेतल्यावर मला स्वाराच्या आधी घोड्याचं तोंड आठवलं. वजन हातात जाणवतं आणि लढाईची वर्णनं वाचताना न सुचलेले प्रश्न सुचतात. रात्री तळावर हे काढत असतील का? जखमेवर काय लावत असतील? लगाम कुठून आला, असं विचारलं तर तो म्हणाला, “भंगारवाल्याकडून. किलोवर.”

चिलखताबद्दल इतकं निराश व्हायचं कारण नाही. साखळ्यांचं चिलखत, जिरेटोप, कोपरापर्यंतचे दस्ताने हे लोखंडाचं असल्याने उरलं. चिलखताची एक कडी भिंगाखाली पाहा. तिची दोन टोकं एकावर एक चपटी करून मधून बारीक खिळा मारलेला असेल, तर ते लढाईसाठी केलेलं. टोकं नुसतीच एकमेकांना भिडवलेली असतील, तर सावध व्हावं. ती कडी बहुतेक वेळा नाटक-सिनेमासाठी किंवा बाजारासाठी वळलेली असते.

कायद्याचा कागद

घरात जुनी तलवार असलेला प्रत्येक माणूस हळू आवाजात एकच प्रश्न विचारतो: “पोलीस काही म्हणणार नाहीत ना?” १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम तलवारींना धारदार हत्यारांच्या वर्गात घालतात. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं, आणि ते घरकामाचं वा शेतीचं नसेल, तर ते या वर्गात येतं. २०१८ मध्ये औरंगाबादच्या पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारींची पार्सलं पकडली, ती याच कारणाने. जुन्या, पुरातन मोलाच्या शस्त्रांसाठी कायद्यात सवलतीची तरतूद आहे. पण ती आपल्या तलवारीला लागू होते का, हे आपणच ठरवू नये. शिवजयंतीला शाळेत किंवा मंडळात प्रदर्शन मांडणारे अनुभवी संग्राहक आधी पोलीस ठाण्यात पत्र देतात, वस्तूंची छायाचित्रांसह यादी जोडतात. हा शिरस्ता प्रत्येकाने पाळावा.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मुलुंडच्या काकांचा मुलगा न्यू जर्सीत आहे. तलवार तिकडे जाणार नाही, आणि तो इकडे येणार नाही. उपनगरांतल्या कितीतरी घरांत आज हाच पेच आहे.

नाव कुठे लिहायचं

संग्रहालयांना तलवार देऊ केली तर पहिला प्रश्न येतो: आली कुठून? लोकांना वाटतं, हा अडवणुकीचा प्रश्न. पण वाघनखांचं उदाहरण बघा. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तीन वर्षांसाठी दिलेली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती लंडनला साताऱ्यातला ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ याच्याकडून आली, पेटीवर शिवाजी महाराजांचा उल्लेख आहे. तरी लंडनच्या त्या म्युझियमचंच म्हणणं असं की महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, हे सिद्ध करता येत नाही. मधल्या दीडेकशे वर्षांची हकीकत कोणी लिहून ठेवलेली नाही. भावना दुखावल्या जातात, पण ही सचोटी मला महत्त्वाची वाटते. ज्या वस्तूवर आपला जीव आहे, तिच्याबद्दल तरी नेमकं बोलावं.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्य घालवून वीस हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय केलं आणि ते महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या, म्हणजे कोणी राजेरजवाडे ज्यांच्याकडे पाहणार नाहीत अशा वस्तू. शस्त्रंही आहेत. त्या संग्रहालयात हिंडताना कळतं की नाव नसलेल्या माणसाच्या वस्तूलाही जागा असते, कोणी ती आस्थेने मांडली तर.

एका पावसाळी रविवारी बोरिवलीचा तरुण माझ्यासोबत मुलुंडला आला. त्याने काकांच्या तलवारीची लांबी मोजली, वजन केलं, पात्याच्या पाठीवर बाजूने बॅटरीचा तिरपा प्रकाश टाकून फोटो काढले. तिरप्या प्रकाशात समोरून न दिसणारे ठसे दिसतात. मुठीपासून चार बोटांवर एक अर्धगोल खूण उमटली, कोयत्यासारखी, कडेला बारीक दाते. अशा खुणा जेनोवाच्या पात्यांवर असत, आणि त्यांची नक्कल इतरांनी भरपूर केली. त्यामुळे त्याने वहीत ‘युरोपी पातं किंवा त्याची नक्कल’ एवढंच लिहिलं. मग हातमोजे घालून पात्याला तेलाचा पातळ हात दिला. नवीन म्यान करायचं काका म्हणत होते. त्याने नको म्हणून सांगितलं: लाकूड आणि मखमल मुंबईची ओल धरून ठेवतात आणि पातं आतल्या आत गंजतं. सुती कापड, सिलिका जेलच्या पुड्या, आणि आडवी, कोरड्या जागी.

शेवटी वहीचं कोरं पान त्याने काकांपुढे केलं. “आता तुम्ही सांगा. जेवढं ऐकलंय तेवढं. ज्याची खात्री नाही, ते ‘ऐकीव’ म्हणून वेगळं लिहू.”

काकांनी पाटणजवळच्या गावाचं नाव सांगितलं, आजोबांचं, पणजोबांचं. परळची चाळ, खोली नंबर, कोणत्या साली सोडली. त्यापुढे अडले. “भावकीत एक आत्या आहे, नव्वदीच्या पुढची, गावालाच असते. तिला पुढचं माहीत असेल,” ते म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, “मग दिवाळीची वाट कशाला बघता? येत्या शनिवारीच जाऊ.” तरुणाने वहीत आत्याच्या नावापुढे रिकाम्या ओळी सोडल्या आणि पेन काकांच्या खिशाला लावलं.